योसेमिटीचा मिस्ट ट्रेल: आईबाबांना घेऊन जूनमध्ये जावे की ऑगस्टमध्ये?

केतकी_न, १४ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी. माझे आईबाबा मे महिन्याच्या अखेरीस पुण्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला येत आहेत आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यांचा मुक्काम आहे. बाबा ६९ वर्षांचे आहेत, आई ६५ वर्षांची. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाविषयी कुठेतरी वाचल्यापासून बाबांनी "त्या ओल्या पायऱ्यांच्या धबधब्यावर जायचेच" असा धोशा लावला आहे. त्या पायऱ्या म्हणजे मिस्ट ट्रेल, अर्थात हॅपी आइल्सपासून निघून व्हर्नल फॉलच्या माथ्यावर आणि तिथून पुढे नेवाडा फॉलपर्यंत जाणारी वाट. बाबांचे तारुण्य राजगड-तोरण्यावर गेले आहे, त्यामुळे त्यांना कशाचीच भीती वाटत नाही, आणि हीच माझी मुख्य अडचण आहे. आई आठवड्यातून चार वेळा पर्वती चढते, परंतु तिचा उजवा गुडघा गेली दोन वर्षे कुरकुरतो आहे.

आम्ही दोघे तिथे एकदाच, नोव्हेंबरमध्ये गेलो होतो आणि तेव्हा वाटेवर चिटपाखरू नव्हते. उन्हाळ्यातल्या गर्दीचा मला काहीच अनुभव नाही. तेव्हा जून बरा की ऑगस्ट, दोघांना किती उंचीपर्यंत न्यावे, आणि पहाटे निघून रात्री परत येणे शक्य आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

सह्यवेडा, १४ एप्रिल २०२४

माझा प्रश्न अडाणीपणाचा वाटेल, पण उन्हाळ्यात धबधबा पाहायला जायचे म्हणजे नेमके काय पाहायचे? आमच्याकडे एप्रिलमध्ये धबधब्याच्या जागी कातळावर एक काळा ओघळ दिसतो आणि गावातला एखादा माणूस हात करून "पावसात या" असे सांगतो.

दगडधोंडे, १५ एप्रिल २०२४

सह्यवेडा, प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. उलट केतकीताईंच्या जून की ऑगस्ट या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

सह्याद्रीतले धबधबे पावसावर चालतात, तर योसेमिटी ज्या पर्वतरांगेत आहे त्या सिएरा नेवाडातले धबधबे बर्फावर. कॅलिफोर्नियात पाऊसपाणी जवळजवळ सगळे हिवाळ्यात होते आणि उंचावर ते बर्फाच्या रूपाने साठून राहते. एप्रिलपासून तो बर्फ वितळू लागतो, मे आणि जूनच्या पूर्वार्धात पाण्याचा जोर सर्वाधिक असतो, आणि त्यानंतर उन्हाळाभर पाऊस जवळपास नसल्यामुळे साठा संपत जातो. म्हणजे आपल्याकडे ज्या महिन्यात धबधबा सुरू होतो, त्याच महिन्यात तिथला धबधबा उतरणीला लागतो.

पण सगळे धबधबे एकसारखे उतरत नाहीत. २,४२५ फूट उंचीच्या योसेमिटी फॉल्सचे पाणलोट क्षेत्र लहान आणि बहुतांश उघड्या ग्रॅनाइटचे आहे. पाणी धरून ठेवणारी माती तिथे नाममात्र असल्यामुळे ऑगस्टपर्यंत तो बहुधा कोरडा पडतो. व्हर्नल आणि नेवाडा हे दोन्ही धबधबे मात्र मर्सेड नदीवर आहेत. या नदीचा उगम पार वरच्या हिमशिखरांकडे असल्यामुळे ते बारा महिने वाहतात. ऑगस्टमध्ये व्हर्नलचा रुंद पडदा विरळ होऊन त्याच्या दोन-तीन धारा होतात, इतकेच.

थोडे विषयांतर वाटेल, पण या पायऱ्या चढताना आपण वस्तुतः एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर जात असतो. हिमयुगातल्या हिमनदीने ग्रॅनाइटमधल्या भेगा पकडून मोठमोठे ठोकळे उपटून काढले आणि नदीच्या मार्गात दोन प्रचंड पायऱ्या तयार झाल्या. खालची पायरी ३१७ फुटांची, ती व्हर्नल, आणि वरची ५९४ फुटांची, ती नेवाडा. भूशास्त्राच्या पुस्तकांत याला राक्षसी जिना असेच म्हणतात. बाबांना हे आधी सांगून ठेवा, दम लागल्यावर थांबायला त्यांना एक सन्माननीय कारण मिळेल.

अनुस्वार, १५ एप्रिल २०२४

जून, मधला वार, आणि सकाळी सातच्या आत गाडी लावलेली असणे. या तीनपैकी एक जरी हुकले, तरी बाकीच्या दोहोंचा उपयोग होत नाही.

मिलपिटसकर, १५ एप्रिल २०२४

अनुस्वार यांना संपूर्ण अनुमोदन, आणि हुकल्यास काय होते ते मी सविस्तर सांगतो, कारण गेल्या वर्षी आमचे तीनही हुकले होते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, उद्यानात शिरायला आरक्षण लागत नव्हते. जुलैतल्या एका शनिवारी आम्ही दोन कुटुंबे, दोन गाड्या, एकूण नऊ माणसे, "पहाटे पाचला निघू" असे ठरवून साडेसहाला निघालो. प्रवेशद्वाराबाहेरच्या रांगेत एक तास पंधरा मिनिटे गेली. वाहनामागे ३५ डॉलर भरून आत गेलो आणि योसेमिटी व्हॅली या मुख्य दरीत पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. तिथून पुढचे दोन तास आम्ही त्याच एकदिशा रस्त्यावर फिरत होतो. या रस्त्याची गंमत अशी की एक वळण चुकले तर परत येण्यासाठी सगळी दरी फिरून यावे लागते. एल कॅपिटान हा प्रसिद्ध कडा आम्ही तीन वेळा पाहिला, तिन्ही वेळा काचेतून. दुसऱ्या गाडीतल्या मंडळींशी संपर्क तुटला, कारण फोनला रेंज नव्हती. शेवटी रस्त्याच्या कडेला अर्धी गाडी गवतात घालून आम्ही दशम्या आणि चटणी खाल्ली, आणि तेवढ्यात एका रेंजरने अत्यंत नम्रपणे आम्हाला तिथूनही उठवले. धबधब्याचे एकूण दर्शन साडेचार मिनिटे झाले.

दोन सूचना. दरीत पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे टाकी बाहेरच भरून घ्यावी. आणि वाटेत प्रीस्ट ग्रेडचा वळणावळणांचा घाट लागतो. घरात कोणाला गाडी लागत असेल तर गोळी घाटाच्या आधी द्यावी, घाटात देऊन उपयोग नाही.

रेवती_सनीवेल, १६ एप्रिल २०२४

मिलपिटसकर, तुमच्या दशम्यांबद्दल सहानुभूती आहे, परंतु या वर्षी परिस्थिती वेगळी आहे हे नोंदवते. २०२० ते २०२२ या काळात आरक्षण होते, २०२३ मध्ये काढून टाकले, आणि या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, ते पुन्हा आणले आहे. जूनअखेरपर्यंत फक्त शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना, १ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत रोज, आणि त्यानंतर ऑक्टोबरअखेरपर्यंत पुन्हा फक्त शनिवार-रविवार व सुट्ट्यांना पहाटे ५ ते दुपारी ४ या वेळेत गाडीने शिरायचे असेल तर ते लागते. म्हणजे केतकी, तुम्ही जूनमधल्या मंगळवारी किंवा बुधवारी गेलात तर आरक्षणाची भानगडच नाही.

ज्यांना गाडी चालवायची नसेल त्यांच्यासाठी मर्सेड शहरातून यार्ट्स या सार्वजनिक बससेवेची बस १४० क्रमांकाच्या रस्त्याने थेट दरीत जाते. तिच्या तिकिटात उद्यानाचा प्रवेश धरलेला असतो आणि बसने येणाऱ्यांना आरक्षण लागत नाही.

केतकी_न, १६ एप्रिल २०२४

दगडधोंडे आणि रेवती, मनापासून आभार. जून नक्की झाला. आता मुख्य प्रश्न उंचीचा. पायऱ्या किती आहेत, हे कोणी खात्रीने सांगू शकेल का? बाबांनी "पर्वतीच्या किती पट" असे विचारले आहे.

अनुस्वार, १६ एप्रिल २०२४

सहाशेच्या वर. पर्वतीच्या शंभरेक धरल्या तर सहा पर्वती.

पेठकर, १७ एप्रिल २०२४

पर्वती हे एकक मला मनापासून आवडले, परंतु मापनात गंभीर चूक आहे. पर्वतीची पायरी रुंद, उथळ आणि ऐसपैस आहे. तिच्यावरून माणूस गप्पा मारत चढतो आणि मध्ये थांबून शेंगा खातो. मिस्ट ट्रेलची पायरी म्हणजे ग्रॅनाइटचा घडीव-अनघड ठोकळा. एक वीतभर उंच, तर पुढची जवळजवळ गुडघ्याएवढी, आणि धबधब्याजवळ आल्यावर प्रत्येक पायरीवर पाण्याचा थर. शिवाय त्याच अरुंद जागेतून उतरणारी माणसेही येत असतात. या हिशेबाने माझ्या मते एक मिस्ट ट्रेल म्हणजे किमान दहा पर्वती, आणि त्या आषाढातल्या.

फिजिओ_मीरा, १७ एप्रिल २०२४

मी गुडघ्यांवरच काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणाच्याही गुडघ्याविषयी निर्णय देता येत नाही, हे गृहीत धरून वाचावे.

आपण सगळे चढणीचा हिशेब करतो. हॅपी आइल्सपासून व्हर्नलच्या माथ्यापर्यंत जेमतेम सव्वा मैल अंतर आणि साधारण १,००० फूट चढ, हे आकडे वाचून कोणत्याही सह्याद्रीवाल्याला हसू येते. पण चढताना फुप्फुसे आणि मांड्यांचे स्नायू काम करतात, ते थकले तर माणूस थांबतो, श्वास घेतो आणि पुन्हा निघतो. उतरताना शरीराचे सगळे वजन प्रत्येक पायरीला एका वाकलेल्या गुडघ्यावर येते, वाटीमागचा दाब वाढतो, आणि तो थांबून कमी होत नाही, कारण अर्ध्या वाटेवर थांबले तरी खाली उतरावे लागणारच असते. ज्या गुडघ्याला पर्वती चढताना काही वाटत नाही आणि उतरताना कळ येते, त्या गुडघ्याला सहाशे ओल्या पायऱ्या उतरायला लावणे योग्य नाही. केतकी, आईंना एवढेच विचारा की पर्वतीवरून उतरताना त्या कठड्याला हात लावतात का.

परतीसाठी जॉन म्यूर ट्रेल हा दुसरा मार्ग आहे. ती वाट लांबची असली तरी नागमोडी आणि सौम्य उताराची आहे. मात्र व्हर्नलच्या माथ्यावरून तिच्यावर जायचे तर आधी क्लार्क पॉइंटपर्यंत आणखी चढावे लागते. दमलेल्या माणसाला "उतरण्यासाठी आधी चढा" हे पटवून देणे अवघड जाते.

सगळ्यांत शहाणपणाचा टप्पा म्हणजे खालचा लाकडी पूल. तो ०.८ मैलांवर आहे, चढ ४०० फुटांचा, तिथवर पायऱ्या नाहीत, पण तीव्र चढाचा डांबरी रस्ता आहे. पुलावरून व्हर्नल समोर दिसतो, जवळ प्यायचे पाणी आणि स्वच्छतागृह आहे. दोन्ही हातांत काठ्या घेऊन आई तिथपर्यंत छान जातील.

तळेगावकर_काका, १७ एप्रिल २०२४

मला आपल्या सर्वांच्या सुरापुढे थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. मी ७३ वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपूर्वी, म्हणजे ७१ व्या वर्षी, याच वाटेने व्हर्नलच्या माथ्यावर जाऊन आलो आहे. माझ्या मुलानेही या धाग्यावर चालली आहे तशीच चर्चा माझ्या पाठीमागे आपल्या मित्रांशी केली होती, आणि पुलाशी पोहोचल्यावर मला सांगितले की बाबा, आपला धबधबा पाहून झाला. मी त्याच्याकडे पाहिले, धबधब्याकडे पाहिले, आणि चालू लागलो.

मला वर जायला दोन तास लागले. तरुण मुले मला ओलांडून जात होती आणि त्यांतली निम्मी पुढच्या वळणावर धापा टाकत बसलेली दिसत होती. अखेरच्या टप्प्यात कातळाला चिकटून एक अरुंद वाट आहे आणि तिला लोखंडी कठडा आहे. तिथे धबधबा इतका जवळ येतो की त्याचा आवाज कानांना नव्हे, तर छातीला ऐकू येतो. तो क्षण मला पुलावरून मिळाला नसता. गुडघे दुसऱ्या दिवशी दुखले, हे मी लपवत नाही. पण ते माझे गुडघे होते. केतकीताई, आईबाबांना विचारलेत का, की त्यांना कुठपर्यंत जायचे आहे?

फिजिओ_मीरा, १८ एप्रिल २०२४

काका, तुमच्या मताचा आदर आहे, आणि विचारायलाच हवे, यातही शंका नाही. फक्त निर्णय पुलावर घ्यावा, पायऱ्यांवर नव्हे, कारण पायऱ्यांवर घेतलेला निर्णय मागच्या चाळीस माणसांच्या दडपणाखाली घेतला जातो.

निनावी_नदी, १८ एप्रिल २०२४

मीरा यांचे शेवटचे वाक्य वाचून मला आमच्या वहिनींची सहल आठवली. मे महिन्यातला लाँग वीकएंड होता आणि पायऱ्यांवर अक्षरशः वरून खाली एक साखळी लागली होती. वहिनींना अर्ध्यावर परत फिरायचे होते, पण वळायला जागा नव्हती, मागचे लोक हसतमुखाने "यू कॅन डू इट" म्हणत होते, आणि त्या प्रोत्साहनाला बळी पडून त्या वर गेल्या. पायांत तळ गुळगुळीत झालेले रोजचे बूट होते. उतरताना चौथ्या-पाचव्या पायरीवर पाय घसरला आणि घोटा मुरगळला.

तिथून हॅपी आइल्सपर्यंत यायला आम्हाला चार तास लागले. एका अनोळखी जोडप्याने स्वतःच्या पिशवीतली पट्टी काढून घोटा बांधून दिला आणि आपली एक काठी आमच्या हातात ठेवून ते निघून गेले. ती काठी आजही आमच्या गॅरेजमध्ये आहे. त्यामुळे बुटांचा तळ निघण्यापूर्वी तपासा, एवढेच माझे सांगणे. रेनकोट विसरलात तर फक्त भिजाल, बूट चुकले तर बसाल.

वरणभात, १८ एप्रिल २०२४

शिदोरीविषयी कोणीच बोलत नाही, याचा निषेध. आम्ही धपाटे, दही आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते.

दगडधोंडे, १८ एप्रिल २०२४

वरणभात, शिदोरीविषयी बोलायला हवेच, कारण तो तिथे कायद्याचा विषय आहे. वाटेच्या सुरुवातीच्या पार्किंगमध्ये तपकिरी लोखंडी पेट्या आहेत. खाण्याचे सगळे पदार्थ, रिकामे डबे, टूथपेस्ट, लिप बाम, थोडक्यात वास येणारी प्रत्येक वस्तू त्यात ठेवायची असते. अस्वलाला गाडीच्या दाराची काच हे केवळ वेष्टण वाटते. आणि एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेले अस्वल पुढे धीट होत जाते आणि शेवटी त्याला मारावे लागण्याची वेळ येऊ शकते, म्हणून या नियमाबाबत ते लोक अजिबात सैल नाहीत.

पण माझ्या अनुभवात खरा दरोडेखोर अस्वल नसून खार आहे. पुलाजवळच्या खारी माणसांना सरावल्या आहेत. माझ्या मित्राने चिवड्याची पिशवी दगडावर ठेवून फोटोसाठी पाठ फिरवली, तर परत वळेपर्यंत खारीने पिशवीला तळातून भोक पाडले होते. तिने शेंगदाणे आणि काजू नेले आणि डाळे ठेवले. त्यांना खाऊ घालणे हा गुन्हा आहे आणि त्या चावतातही, हे लहान मुले बरोबर असतील तर आधी सांगावे.

पेठकर, १९ एप्रिल २०२४

डाळे ठेवले, यावरून खार मूळची पुण्याची नसावी.

रेवती_सनीवेल, १९ एप्रिल २०२४

मला एक वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. सगळी गर्दी एका मिस्ट ट्रेलवर का लोटते? २०१६ साली या उद्यानाला ५० लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली, उद्यानाचे क्षेत्रफळ मुंबईच्या कित्येक पट आहे, आणि तरीही बहुतेक सगळे सात मैल लांबीच्या एका दरीत दाटीवाटीने उभे असतात. खालचा योसेमिटी फॉल एका मैलाच्या जवळजवळ सपाट फेरीत पाहता येतो आणि जूनमध्ये त्याचे तुषार पुलावर अंगभर येतात. ब्रायडलव्हेल फॉल ६२० फुटांचा आहे, गाडीतळापासून थोड्याच अंतरावर आहे, आणि वारा असला की त्याची धार बाजूला वाहते. आई-बाबांना भिजायचेच आहे ना? मग सहाशे पायऱ्या कशासाठी?

तळेगावकर_काका, १९ एप्रिल २०२४

रेवतीताई, याचे उत्तर ज्या माणसाला तोरण्यावर गाडीने सोडले तरी आनंद होईल, त्याला समजावणे कठीण आहे, आणि ज्याला होणार नाही, त्याला समजावण्याची गरज नाही.

रेवती_सनीवेल, १९ एप्रिल २०२४

मान्य. पण तो प्रश्न केतकीच्या बाबांचा झाला. आईंच्या गुडघ्याने तोरणा पाहिलेला नाही.

अनुस्वार, २० एप्रिल २०२४

दरीत फिरणारी शटल बस हॅपी आइल्सला १६ क्रमांकाच्या थांब्यावर उतरवते. गाडी लावून चालत गेलात तर अर्धा मैल जास्त, आणि तोच अर्धा मैल परतताना फार लांब वाटतो. आईंना येताना शटलने आणा.

खारघरची_खार, २ जुलै २०२४

हा धागा मुद्दाम वर काढते आहे. परवा, ३० जूनला, लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेल्याची बातमी आणि तो व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिला असेल. मिस्ट ट्रेलवर जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते. व्हर्नलच्या माथ्यावर पोहोचल्यावर समोर रुंद, शांत, हिरवट पाणी दिसते. त्याच्या वरच्या अंगाला एमराल्ड पूल नावाचा डोह आहे, आणि चालून तापलेल्या माणसाला त्यात पाय बुडवावेसे वाटणे अगदी साहजिक आहे. पण तिथे उतरायला बंदी आहे. जुलै २०११ मध्ये तीन जण कठडा ओलांडून पाण्यापाशी गेले आणि कड्यावरून खाली वाहून गेले. त्यावेळी आसपास बरीच माणसे होती.

दगडधोंडे, ३ जुलै २०२४

खारघरची_खार, योग्य वेळी लिहिलेत. यात एक फरक लक्षात घ्यावा. आपल्याकडे पाणी पावसाबरोबर, ढगांच्या गडगडाटासह, सूचना देत वाढते, आणि तरीही माणसे फसतात. तिथे पाणी स्वच्छ उन्हात वाढते. दुपारी वर बर्फ वितळतो आणि ते पाणी दरीत यायला काही तास लागतात, त्यामुळे नदी संध्याकाळनंतर चढते आणि सकाळी तुलनेने कमी असते. आकाश निळेशार असताना नदी चढते आहे, हे आपल्या डोळ्यांना पटतच नाही. शिवाय ते नुकतेच वितळलेले पाणी आहे. त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात. पाण्याखालचा ग्रॅनाइट हिमनदीने घासून काचेसारखा केला आहे, त्यावर बोट रोवायला खाच सापडत नाही.

केतकी_न, ५ जुलै २०२४

मंडळी, वृत्तान्त द्यायला उशीर झाला, क्षमस्व. आम्ही ११ जूनला, मंगळवारी जाऊन आलो.

पहाटे अडीचला निघालो. घाटाआधी आईला गोळी दिली. पावणेसातला वाटेजवळच्या पार्किंगमध्ये गाडी लागली आणि तेव्हा तिथे मोजून अकरा जागा शिल्लक होत्या. करी व्हिलेजची पाटी पाहून बाबा एकदम खूष झाले. ती जागा १८९९ मध्ये तळ सुरू करणाऱ्या करी नावाच्या दांपत्याची आहे आणि तिथे रस्सा मिळत नाही, हे समजल्यावर थोडा वेळ गाडीत शांतता होती. धपाटे पेटीत ठेवले.

आईला मी मीरा यांचा प्रश्न विचारला होता. पर्वती उतरताना ती कठड्याला हात लावते, आणि एवढेच नव्हे, तर कठडा कुठे तुटला आहे हेही तिला पाठ आहे. तेव्हा तिनेच सांगितले की मी पुलावर बसेन. पण तळेगावकर काकांच्या सांगण्याप्रमाणे बाबांनाही विचारले होते, आणि बाबा माथ्यावर जाणार, हे ठरले. माझा नवरा त्यांच्याबरोबर गेला, मी आईपाशी थांबले.

पुलापर्यंतचा चढ आईने पन्नास मिनिटांत पार केला. पाणी पांढरे, जाड, दुधासारखे येत होते आणि पुलाखाली इतका आवाज होता की आम्ही दोघी हातवारे करून बोलत होतो. आठपर्यंत वाट बरीच मोकळी होती. नऊनंतर लोंढा सुरू झाला आणि दहाच्या सुमारास पुलावर फोटोसाठी रांग लागली. आईचे लक्ष मात्र धबधब्यापेक्षा उतरून येणाऱ्यांकडे होते. वर जाणारा प्रत्येक माणूस कोरडा आणि बोलका, खाली येणारा प्रत्येक माणूस चिंब आणि गप्प. त्यांतली एक शाळकरी मुलगी थंडीने दात वाजवत आमच्या शेजारी बसली, तेव्हा आईने पिशवीतून पुण्याहून आणलेला पंचा काढून तिच्या खांद्यांवर टाकला. मुलीच्या आईने फार आभार मानले. त्यानंतर तो पंचा आणखी तीन डोक्यांवरून फिरला. खारी दोन वेळा येऊन गेल्या, पण आई पिशवीवर बसली होती.

बाबा सव्वाअकराला परत आले. पोंचो घालूनही बनियनपर्यंत भिजले होते. त्यांच्या सांगण्यानुसार दमाने काही त्रास दिला नाही, पण तुषारांनी चष्मा इतका भरला की दिसेना, आणि पुसावा तर पुसायला कोरडे काही उरले नव्हते. शेवटी चष्मा खिशात घालून, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी उरलेल्या पायऱ्या चढल्या. चष्मा लावणाऱ्या सर्वांना माझी सूचना आहे की मागून बांधायची दोरी आणि पुढे कडा असलेली टोपी न्यावी. रेनकोटची टोपी पुरत नाही. माथ्यावर ते वीस मिनिटे बसले, कठड्याच्या आत. एमराल्ड पूलकडे वळले नाहीत, त्याचे श्रेय मी घेणार नाही, कारण त्यांना तो चष्म्याशिवाय दिसलाच नव्हता.

परततांना आईला आणि मला शटल मिळाले, पुरुषमंडळी चालत आली. गाडीतळावरून निघालो तेव्हा बाहेरून येणाऱ्या गाड्यांची रांग दिसेल तिथपर्यंत लागलेली होती. त्या दिवशी मंगळवार होता, हे पुन्हा सांगते.

पेठकर, ५ जुलै २०२४

उत्तम वृत्तान्त. बाबांच्या मते शेवटी किती पर्वती झाल्या?

केतकी_न, ५ जुलै २०२४

चढताना चार, उतरताना बारा, असे त्यांचे म्हणणे आहे.

फिजिओ_मीरा, ६ जुलै २०२४

वाचून फार बरे वाटले. आता गुडघा कसा आहे?

केतकी_न, ६ जुलै २०२४

आईचा ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या बागेत चालून आली. बाबा मात्र दोन दिवस आमच्या घरातला जिना पाठमोरे उतरत होते, आणि कोणी पाहिले की वर काहीतरी विसरल्यासारखे करत होते.